शांतता क्षेत्र

रजिस्टर पत्र आलं की मामंजी सही करतात
आणि पाकीट न फोडता माझ्याकडं देतात.
कागद इंग्रजीत असतो.
मी वाचते, मराठी करून, ओरडून.
त्यामुळं आमच्या घरात गुपित टिकत नाही.
पहिल्या अपिलाचा निकाल मामंजींच्या आधी
समोरच्या गिरणीला कळला,
आलं धूत बसलेल्या तिघींना कळला,
आणि शेवंताकाकूंना, ज्या अजून
रस्त्यात गाठून विचारतात,
टक्के वाढले का गं?

टक्के.
बोर्डानं लिहिलं होतं, पंधरा ते एकोणीस.
विसाला पेन्शन. एकोणिसाला सलाम.

पुण्यात त्यांना कपाटाएवढ्या खोलीत बसवलं होतं,
कानावर हेडफोन, हातात बटण:
आवाज आला की दाबा.
मामंजी सांगतात, शेवटी शेवटी मी
काचेपलीकडच्या पोरीचा चेहरा बघून दाबत होतो.
नवीन होती. तिला वाईट वाटू नये म्हणून.
त्यातच गेले असतील चार-पाच टक्के.

दुसऱ्या निकालात एक वाक्य होतं,
ते मला तीनदा ओरडावं लागलं:
आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात झाली,
सबब सेवेशी संबंध नाही.
मला रहिमतपूरच्या दवाखान्याबाहेरची पाटी आठवली,
हॉर्न वाजवू नका.
मामंजी हसले. कवळी दिसेपर्यंत.
म्हणाले, देवळाली.
लढाई नव्हती ना तिथं, म्हणजे शांतताच की.
सकाळपासून सहा तोफा,
कानात कापसाचा बोळा, तोही मोजून मिळायचा,
आणि उस्ताद ओरडायचा, तोंड उघडं ठेवा,
आवाज आरपार निघून जातो.

अजून कुकरची वाफ फुसफुसताना दिसली
की ते शिट्टीआधीच तोंड उघडतात.
माझा धाकटा त्यांचं बघून उघडतो.
स्वयंपाकघराच्या दारात दोघं आ करून बसलेले,
आणि मी डाळ शिजायची वाट बघत.

तिसऱ्यांदा वरच्या न्यायाधिकरणात गेलो.
साताऱ्याच्या सैनिक कल्याणच्या बाकावर
गोडसे सुभेदार भेटले, त्यांनी वकील दिला.
नोटिशीवर शब्द होता, सुनावणी.
मामंजी कोटाला पदकं लावून ताठ बसले
आणि सगळा वेळ पंख्याकडं बघत राहिले.
सरकारी वकील बोलले. आमचे बोलले.
मग न्यायमूर्तींनी काहीतरी विचारलं,
सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या,
तसे मामंजी उभे राहिले आणि भिंत हलेल अशा आवाजात
नंबर, हुद्दा, रेजिमेंट,
हवालदार सर्जेराव भोईटे, हाजिर, साहेब.
विचारलं होतं, अपिलाला इतका उशीर का.
जिन्यात गोडसे सुभेदार म्हणाले, बरं झालं.
याच्यावर पुरावा नाही.

काल तिसरं पत्र आलं.
या वेळी मी ते परसात नेऊन आधी मनात वाचलं.
अपील मान्य. वीस टक्के धरावेत.
थकबाकी मात्र तीनच वर्षांची,
आधीची चौदा वर्षं अर्जदारानं दाद मागितली नाही.
चौदा वर्षं. तेव्हा ते साखर कारखान्याच्या गेटवर
रात्रपाळी करत होते, आणि आत्याबाईंना वाटायचं
आपण बोललेलं यांना पटत नाही,
म्हणून हे गप्प बसतात.
शेवटी लिहिलं होतं,
दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

ओट्यावर मामंजी घेवडा निवडत होते.
मिरजेकडची गाडी शिट्टी देत गेली,
त्यांनी एक खडा बाजूला काढला.
मी समोर जाऊन बसले. कागद उघडला.
पलीकडं गिरणी बंद झाली, मुद्दाम.
पाण्यातले हात पाण्यातच थांबले.
मी ओरडायला तोंड उघडलं,
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
सूप मांडीवरून खाली ठेवलं,
आणि सवयीनं
आपलंही तोंड उघडलं.