बत्तीसावर बत्तीस

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, गोणपाटाच्या सावलीत
मी टेबल मांडलं : काचेची पाटी, रूळ, शाई, दहा चौकटींचे कागद.
शेटच्या गल्ल्यावर कुणाचं तरी बोट उमटलं होतं,
म्हणून देठ खुडणाऱ्या एकोणचाळीस बायांची बोटं
आधी वगळायची होती.

वगळायची, म्हणजे आधी नीट बघायची.

पितांबर जिभाऊंनी धुळ्याला शिकवलेलं :
रेघ आल्या वाटेनं माघारी वळली, तो शंख.
तोंड करंगळीकडे की अंगठ्याकडे, तेही लिही.
इकडून चढून तिकडे उतरली, ती कमान.
स्वतःभोवतीच फिरत बसली, ते चक्र.
आणि तीन बाजूंच्या रेघा जिथे येऊन
एकमेकींना वाट विचारतात, तो त्रिकोण.
तिथून मोज. घाई करू नकोस.

एकीच्या बोटांवर नुसत्या कमानी निघाल्या.
शेजारीण म्हणाली, "तुन्हा बोटवर ते गाडीना टप शे!"
हसल्या सगळ्या.
तिखटानं झिजलेल्या रेघा
उन्हाळ्यातल्या पांझरेसारख्या,
मध्येच धार, मध्येच वाळू.

तेविसावी सुपडाबाई सोनवणे.
उजव्या हाताला पाची चक्रं.
डाव्याला चार. तर्जनी नव्हती,
कडबाकुट्टीत गेली, सतरा वर्षं झाली.

चौकट कोरी ठेवली.
पण वर्ग काढताना नियम असा, की
नसलेल्या बोटाला समोरच्या हातावरच्या
त्याच्या जोडीदाराचं रूप द्यायचं.
उजवी तर्जनी चक्र, म्हणून डावीही चक्र.
शंखाला, कमानीला शून्य. चक्राला किंमत :
सोळा, आठ, चार, दोन, एक.
वर-खाली नियमाचा एकेक मिळवला.
बत्तीसावर बत्तीस.

म्हटलं, सुपडाबाई, तुमची दहाही चक्रं.
ती हाताकडे बघत राहिली.
"दहा चक्रवाला राजा व्हस म्हणतंस."
मग अंगठ्यानं खुंट दाबत,
"हाऊ बी धरा का?"

धरला.

गल्ल्यावरचा ठसा तिचा नव्हता. एकोणचाळिसांतल्या कुणाचाच नव्हता.
शंख होता, अंगठ्याकडे उघडणारा,
रेघा कोऱ्या नोटेसारख्या करकरीत.
शेटच्या घरातल्यांची बोटं घ्या,
असं पत्रात कुणी लिहिलेलं नव्हतं.
मी अहवालात एक ओळ वाढवली.

परतताना गाडीत डोळा चोळला
आणि दोंडाईच्यापर्यंत तो एकटाच वाहत होता.
शाईसोबत त्यांचं तिखटही
माझ्या बोटांवर उतरलं होतं.