दोन माणसांचं कूपन

दिवाळीचा बोनस शेठनं मे महिन्यात दिला,
तोही कूपन करून.
हॉटेलवाल्यानं टॉवेलचे पैसे अडकवले होते,
निम्मे रोख सुटले, निम्मे असे.
होटगी रोड, जपानी हॉटेल,
आमलेट-भात, दोन माणसांसाठी,
सोमवार ते गुरुवार.

यमुनाबाई चिलवेरी म्हणाली,
सोमवार सिद्धेश्वराचा, मंगळवार देवीचा,
गुरुवारी सून घरात अंडं फुटू देत नाही.
उरला बुधवार.
वर म्हणाली, दोन माणसं असं लिहिलंय बघ,
हजेरीच्या वहीत आपण मशीन नंबर सात आणि आठ.

बुधवारी त्रेचाळीस डिग्री.
काचेचं दार ढकललं
आणि आत माघ महिना.
काळ्या झग्यातला पोरगा कमरेत वाकला,
जपानीत काहीतरी ओरडला,
मग जवळ येऊन हळूच,
'अत्ता, कूर्चोंडी.'
साखर पेठेतल्या यमुलांचा लक्ष्मीकांत!
छातीवरच्या पट्टीवर नुसतं 'लकी'.
आई कशी आहे रे, विचारणार होते,
पण त्याचा मालक बघत होता.

आधी बशीत आली
पांढरी, गुंडाळलेली, वाफाळती गोष्ट, चिमट्यात धरून.
यमुनाबाईला वाटलं इडली.
चटणी कुठंय, म्हणाली.
लकीनं डोळ्यांनीच सांगितलं, हात पुसायचे.

उलगडला.
कोपरा बघितला.
उलटी टीप, तीनदा.
सुपरवायझर म्हणतो दोन पुरे, दोरा वाया जातो.
अख्ख्या शेडमध्ये तीन मारणारी मी एकटी.
बोट फिरवलं त्यावरून,
गरम होती,
तापातल्या पोराच्या कानासारखी.

काय बघूलालीस, यमुनाबाई म्हणाली.
तिनं तोंड, मान, कोपरापर्यंत हात,
सगळं पुसून टॉवेल काळा केला होता.
काही नाही, म्हटलं.
ओळखीचं निघालं कुणीतरी.

मग भात.
लाल, मूद पाडलेला,
वर पिवळी गुबगुबीत उशी, झुलणारी.
आचारी स्वतः आला, बारीक सुरी घेऊन,
मधोमध एकच रेघ,
आणि अंडं दोन्ही अंगांनी सुटलं,
भातावरून खाली, खाली,
ताटाच्या कडेला येऊन थांबलं.
लूमवरून उतरलेला ताका
कापल्यावर असाच पसरतो,
पण त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.
शेजारच्या टेबलानं वाजवल्या.
यमुनाबाईनंही वाजवल्या, जरा उशिरा.

दर कार्डावर होता, एका ताटाला सातशे ऐंशी.
आम्हाला डझनाला सहा रुपये.
एकशे तीस डझन एका ताटात,
दोघींचे दोनशे साठ,
म्हणजे टॉवेल झाले
इथवर हिशेब आला तोवर अंडं निवलं.

चव?
मऊ. फार मऊ.
दात नसलेल्या माणसावर माया करावी तशी.
तिखटाचं नाव नाही.
यमुनाबाईनं कमरेची पिशवी सोडली,
शेंगाचटणीची पुडी,
चिमूट तिच्या ताटात, चिमूट माझ्या,
चिमूट लकीच्या तळहातावर, मालकाची पाठ फिरल्यावर.
त्यानं ती जिभेवर टाकली
आणि तोंड मिटून उभा राहिला,
अगदी जपानी.

जाताना त्यानं टॉवेल चिमट्यानं उचलले,
माझा, तिचा, एकाच टोपलीत.
थांब रे, म्हणावंसं वाटलं.
थांबवून काय सांगणार होते?

बाहेर ऊन अंगावर आलं, कढईचं झाकण काढावं तसं.
रिक्षावाला अशोक चौकाचे ऐंशी मागत होता.
साठवर आणला.
मीठ कमी होतं, यमुनाबाई म्हणाली,
आणि दोन चौक गेल्यावर,
पण झुलत किती छान होतं.

गुरुवारी मशीनवर बसले.
पहिल्याच टॉवेलच्या कोपऱ्याला
चार टिपा पडल्या.
सुपरवायझर मागून म्हणाला, दोरा.
म्हटलं, होय, दोरा.