भोपळ्याची बोली

कापणीच्या सणाला यंदा लिलाव पुकारायला
अमोस उभा राहिला, खुर्चीवर, बूट काढून.
शांतवनकाका रणनवरे गेले गेल्या उन्हाळ्यात.
त्यांच्यासारखं "दोन बाऽर" लांबवणं,
की फाटकाबाहेरचा रिक्षावालाही बोली लावेल,
कुणाला जमत नाही.

वेदीपाशी मांडलेलं सगळं चिंचेखाली आलं:
मखमलाबादच्या द्राक्षांची पेटी,
डझनभर गावठी अंडी, त्यातलं एक तडकलेलं,
तरुण संघाने भाजलेला, मध्ये बसलेला केक,
आणि भोपळा.

भोपळा कुणी घरी नेत नाही.
बोली जिंकायची, पैसे ताटात टाकायचे,
कुणाच्या स्मरणार्थ ते सांगायचं
आणि म्हणायचं, "परत मांडा."
मागच्या साली एकच भोपळा अकरा वेळा विकला.
त्यात उत्तरेकडची कौलं झाली.
दक्षिणेकडची अजून गळतात,
थेट पंचांच्या बाकावर.

वही माझ्याकडे. पद म्हणून नाही,
अक्षर बरं म्हणून.
म्हणूनच जुन्या बाप्तिस्म्यांच्या नोंदीही
मीच उतरवून काढते आहे,
कसर पुढे, मी मागे.

मुलाचे नाव. बापाचे नाव. धंदा. ठिकाण.
एका पानावर सतरा पोरं,
गुलामांच्या गलबतांवरून सोडवून इथं आणलेली.
याकोब, रूथ, तीमथ्य. नावं नवीकोरी,
एकाच दिवशी, एकाच शाईत.
बापाच्या रकान्यात मिशनरी साहेबाने
वरपासून खालपर्यंत
सतराजणांत मिळून एक रेघ ओढलेली.

समासात मात्र बोरूने काहीतरी, मोडीत.
मला मोडी येत नाही.
पान मोबाइलमध्ये घेऊन रामकुंडावर गेले,
गायधनी गुरुजींकडे. त्यांच्या पडवीत
चौदा पिढ्यांच्या वह्या लाल फडक्यात.
चष्मा पुसून त्यांनी वाचलं:
"यांतील धाकटी झोपेत बापास हाका मारिते.
ऐकू येते तैसे लिहितो."
आणि पुढे?
पुढे भोक. कसरीचं.
गुरुजी बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले.
"आमच्याकडं," म्हणाले, "बापाशिवाय वही उघडतच नाही."
दक्षिणा घेतली नाही. चहा पाजला.

हे मी सलोमीबाई वाघचौरेंना सांगायला नको होतं.
सातव्या फेरीला त्या उठल्या, काठीसकट.
"पाचशे एक."
पेन्शन किती, सगळ्यांना ठाऊक.
अमोसने विचारलं, "कुणाच्या स्मरणार्थ, आजी?"
"त्या धाकटीच्या बापाच्या."
"नाव?"
"तेच तर."

चिंचेखाली कुणी खोकलंसुद्धा नाही.
अमोस "दोन बार" म्हणायला विसरला,
आणि सलोमीबाई "परत मांडा" म्हणाल्या नाहीत.
भोपळा पदराखाली धरल्यासारखा धरून
रिक्षात बसल्या, सिग्नलपर्यंत दिसल्या.
पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
मी वहीकडे.

रेघ ओढायची नाही, एवढं ठरलेलं होतं.
पाचशे एक लिहिले. पुढे
एका नावाला पुरेल एवढी जागा सोडली,
लांबलचक नाव असलं तर म्हणून
जरा जास्तच.

यंदा दक्षिणेची कौलं राहिली.
सोमवारी डबा आला, घारग्यांचा.
झाकणावर खडूने लिहिलेलं:
सतरा आहेत. मोजून घेणे.