जांभीची कात

सहाव्या प्रकरणापर्यंत जांभीला काय आवडतं
हे मलाच ठाऊक नव्हतं.
मी तिला ठेवली होती डिचोलीच्या पलीकडे,
बंद पडलेल्या खाणीत,
जिथल्या खड्ड्यात पाणी साचून हिरवंगार झालंय
आणि काठावर एक ट्रक उभा आहे चाकांविना,
हौद्यात रानमोडी उगवलेला.

वय एकशे नऊ. म्हणजे ड्रॅगनांत चौथीतली.
पंख लाल मातीने माखलेले,
शेपटीला एक गाठ, जन्मापासूनची.
आई म्हणे, आग ओक.
मावशी म्हणे, चोर्ल्याच्या घाटावर जाऊन बस,
अशी बस की लोकांना ढग वाटशील.
जांभीने दोन्ही करून पाहिलं.
घाटावर तिला झोप लागली.
आग ओकली तेव्हा काजूचं एक झाड करपलं
आणि पुढचे तीन दिवस तिला घास गेला नाही.

तिसऱ्या प्रकरणात मी तिला खजिना दिला.
तिने मोजला, पुन्हा मोजला, आणि शिंकली.
चौथ्यात एक राजपुत्र पाठवला.
माझा भाचा ओजस म्हणाला, "मावशे, हा कित्याक?"
खोडला.

मग चवथ आली तोंडावर.
माळ्यावरून घुमट काढलं तर तडकलेलं.
सोयरू कुंभाराकडे गेले. अंगणभर मडकी,
दोन्ही तोंडं उघडी, नुसती आ वासून बसलेली.
"कातडं खंय?" विचारलं.
म्हणाला, "घोरपडीचं लावायचे पूर्वी. आता बंदी.
बरंच झालं, बिचारी वाचली.
पण बकरीच्या कातड्यातून तो आवाज
बोलावला तरी येत नाही."

त्या रात्री वहीत
जांभी मला न विचारता खाणीतून बाहेर पडली.
सोयरूच्या अंगणात उतरली, पंख मिटून, मांजरीसारखी.
एका मडक्याला नाक लावून हळूच श्वास सोडला.
मडकं म्हणालं, घुं.
आजवर तिच्या घशातून आग यायची, नाहीतर काहीच नाही.
हे तिसरंच होतं.
तिने मडक्यात डोकावून पाहिलं, आत कोण आहे ते.

दर श्रावणात ती कात टाकायची,
आणि आई ती दगड बांधून खाणीच्या पाण्यात बुडवायची,
कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.
जांभीने बुडी मारली.
नवव्या वर्षाची कात आणली, कुजकी.
साठाव्या वर्षाची, जरा बरी.
यंदाची, ओली, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
मडक्याच्या मोठ्या तोंडावर ताणली, दोरी आवळली
आणि फुंकर घातली,
वाफाळत्या पेजेवर घालतात तेवढीच.
फाटली.
पुन्हा. फाटली.
तिसऱ्यांदा तिचं नखच आरपार गेलं.
तेव्हा ती जांभ्या दगडापाशी बसली
आणि एकेक नख घासून बोथट करत राहिली,
कोंबडा आरवेपर्यंत.

चौथ्या घुमटाच्या आवाजाने सोयरू जागा झाला.
"कोण गो तू?"
"शिकतेय," जांभी म्हणाली.
तो डोळे चोळत म्हणाला,
"शीक. पण नाकातला उजेड जरा कमी कर,
आणि मडक्याला हात लावण्याआधी
ते पाय धुऊन ये."

ओजसला हे पटलं, पण एक शंका उरली.
"मग आग ती कधीच ओकत नाही?"
ओकते की. आवा लावायच्या दिवशी.
सोयरूची लाकडं वाचतात.

पुस्तक अजून संपलेलं नाही.
चवथीच्या आरतीला आई आली होती का,
हे मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.
एवढंच नक्की आहे:
पुढच्या श्रावणात तिने कात बुडवली नाही.
घडी घालून कोरड्या कपारीत ठेवली,
आणि तिच्याखाली, कुणाला न सांगता,
स्वतःचीही.