वण

पाषाणच्या प्रयोगशाळेत, रात्री पावणेदोनला
मी यीस्टच्या लेकी मोजते.
सुटताना प्रत्येक लेक
आईच्या अंगावर गोल वण ठेवून जाते.

आज थेंबभर औषध घातलंय.
भोवती साखरच साखर,
तरी पेशींना वाटतं दुष्काळ पडला.
कळी धरत नाही कुणी.
वहीत लिहिते: शून्य. शून्य. एक, बहुतेक कचरा.

हेच औषध तिकडे औंधला
हृषी रोज आठला घेतो, तोंड वाकडं करून.
त्याच्या पोटात माझं मूत्रपिंड.
रक्तातल्या पहारेकऱ्यांना ते परकं वाटतं,
पण एकाचे दोन होत नाहीत.

माझ्या कुशीतला वण खाजतो.

पहाटे पेशी धुवेन, नवी साखर देईन,
मग बघायचं कोण फुगतंय.
हृषीला मात्र
आठचा गजर.