कलम चौदा

रोज बारा टन बर्फ, पहाटे पाचच्या आत, दाभोळच्या शेडवर पोच.
कलम तीन. शेवटी माझी सही,
व. ना. चोगले, फराटा असा ऐटीत
की जणू पाणी माझ्या शब्दावर गोठतं.

ऐन हंगामात, गुरुवारी रात्री वारा फिरला.
पाजपंढरीपासून बंदरापर्यंत विजेचे खांब
एकाच अंगावर लवंडले, पंगत उठल्यावर लवंडतात तसे.
आणि कॉम्प्रेसर थांबला.
घरात कुणी बोलता बोलता गप्प व्हावं,
तशी मी दचकून जागी झाले.

शुक्रवारी कंदिलापाशी कलम चौदा वाचलं.
पहिल्यांदाच.
सह्या झाल्या त्या दिवशी चौदाव्यापर्यंत येईतो
चहा आला होता, सगळे हसत उठले होते.
'दैवी आपत्ती' असं छापलंय.
देवाचं नाव, आणि लगेच पुढच्या ओळीत:
लेखी कळवावे, अठ्ठेचाळीस तासांत,
कारण, अंदाजे कालावधी,
नुकसान कमी करण्यासाठी काय केले त्याचा तपशील.

फोन मुका. पोस्टाचे पत्रे मास्तरांच्या परसात.
आसूदच्या उतारावर रस्ताभर पोफळी.
वहीचं पान फाडून लिहिलं 'महोदय',
आणि अडले.
अंदाजे कालावधी कुणाला विचारू?
वायरमन म्हणाला, "पाच दिवस, ताई."
मग आभाळाकडे बघून, "आठ लिवा."
आठ लिहिलं.

जनरेटरवर अडीच टन निघत होता, डिझेल चार दिवसांचं.
अडीचातलं कंपनीला किती, सोसायटीच्या होड्यांना किती,
ज्याच्या त्याच्या मागणीच्या प्रमाणात मांडलं.
उद्या कुणी विचारलं तर
माझ्याकडे त्रैराशिक हवं, रडगाणं नको.

तेवढ्यात हमीदा सोलकर आली, हातात झाकणाचा डबा.
"सासूची सुई हाय साखरेची. फ्रीज बंद.
एवढासा दे."
कोष्टकात तिचा रकाना नव्हता.
मी अर्धी लादी फोडली,
थोडा तिच्या डब्यात, बाकीचा दाराशी उभ्या आणखी सहांच्या,
आणि वहीत लिहिलं: वितळण, अर्धी लादी.

नोटीस बाबल्या रघुवीरने नेली, समुद्रमार्गे,
जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली, पिशवीत गुंडाळून.
शेडला मॅनेजर नाही. शिक्का कपाटात, किल्ली चिपळुणात.
चौकीदाराने प्रतीवर निळ्या पेनाने लिहिलं:
मिळाले. शनिवार, सायंकाळ सात दहा.
वेळ त्याने आपणहून टाकली. त्याचं नाव मला अजून माहीत नाही.

वीज अकराव्या दिवशी आली.
महिन्याभराने पत्र: बाहेरून बर्फ घ्यावा लागला,
भावातला फरक दोन लाख ऐंशी हजार, आपल्या नावे.
मी गेले. टेबलापलीकडे नव्या दाढीचा एक अधिकारी.
"चौकीदार म्हणजे कंपनी नव्हे."
मी प्रत सरकवली. डाग होता, भाकरीचा असेल.
"आठ दिवस लिहिलंत, लागले अकरा."
"खांब मी नाही पुरत," म्हटलं,
"पण हो, नवव्या दिवशी पुन्हा कळवायला हवं होतं."
हे बोलले नसते तर कदाचित सगळंच सुटलं असतं.
की नसतं? शेवटी तीन दिवसांचा फरक मी मान्य केला,
बाकीचा त्यांनी सोडला. रात्री घरी कुणी जेवलं नाही नीट.

निघताना तो माझी वही चाळत होता.
"वितळण रोज अर्धीच लादी? इतकी नेमकी?"
मी म्हटलं, "आमच्याकडे वितळतं तेही मोजून."

या वर्षीच्या कराराला समासात हाताने एक ओळ घातली:
आपत्तीकाळात गावातल्या औषधांपुरता बर्फ आधी.
त्यांनी विचारलं, किती टन?
मी हातानेच दाखवला,
एवढासा.