बारा गावचं पाणी

समितीत मला घेतलं ते एक खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून.
एकतीस वर्षं मी या कॉलेजच्या फुटबॉलचे कपडे धुतेय.
सहा मुख्य प्रशिक्षक आले नि गेले,
टोप्यांच्या आतला डाग सगळ्यांचा एकच.

विमानतळाजवळचं हॉटेल. बाहेर
नेब्रास्काचा डिसेंबर काचेला नाक लावून उभा,
आत कॉफीचा थर्मास आणि सातवा उमेदवार:
लायल ऑक्सेनडाइन, वय चोपन्न, कायम कुणाचा तरी सहायक.
अर्जाची चार पानं, त्यात बहुतेक गावंच.

दोन वर्षं लाइनबॅकर्स. एक वर्ष स्पेशल टीम्स.
तीन ओहायोत, दोन टेक्सासात,
मग एक गाव, ज्याचं नाव आठवायला तो थांबला.
सव्वीस वर्षांत बारा कॉलेजं.
"मला कुणी हाकललं नाही," तो म्हणाला,
"ज्या फांदीवर बसायचो, ते झाडच पडायचं."

गॅरिक स्टूव्ह ट्रॅक्टर विकतो, स्कोअरबोर्डवर त्याचंच नाव.
माझ्या कानाशी लागला: विंचवाचं बिऱ्हाड!
मग मोठ्यानं:
फोर्थ डाउन, एक यार्ड, तीन मिनिटं, चार गुणांनी मागे.
काय करशील?
आधीच्या सहाही जणांनी छाती काढून सांगितलं होतं, घुसणार.
हा खिडकीबाहेर बघत राहिला.
"डावा गार्ड कोण आहे? गुडघा कसाय त्याचा?"
स्टूव्हनं कागदावर काहीतरी खोडलं.

घरचं विचारलं. मुलीनं सात शाळा केल्या, म्हणाला.
आता दातांची डॉक्टर आहे, टल्सात.
"एकाच गावात. नऊ वर्षं."
स्कोअर सांगावा तसं सांगितलं त्यानं.
बायकोबद्दल एवढंच, की तिचं चुकलं नव्हतं.

मग त्यानं जगमधून पाणी घेतलं,
एक घोट तोंडात धरून ठेवला, आणि:
"लोखंड आहे तुमच्या पाण्यात.
पांढऱ्या जर्सींचं काय करता?"
चार दिवसांत पहिल्यांदा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
व्हिनेगर, मी म्हणाले.
"सायट्रिक ॲसिड वापरून बघा. वास नाही मागे राहत."
किती वेळ, किती गरम, कॉलरला आधी की नंतर,
स्टूव्ह खाकरेपर्यंत आम्ही बोलत होतो.

बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात,
म्हणजे जपून राहा असं म्हणायचं असतं.
पाणी कसं होतं, हे त्याला कोण विचारतं?

पण मीही भाळायची नाही.
दाराशी त्याची चाकांची बॅग टेकलेली, एक चाक नसलेली,
कोट त्यानं शेवटपर्यंत काढला नाही.
मी विचारलं, मला विचारायचं नव्हतं तरी:
इतक्या आयांच्या स्वयंपाकघरांत बसून
तुमचा मुलगा माझ्याकडे सुखरूप राहील म्हणालात,
आणि मग निघालात. त्या मुलांचं काय?

खोलीतला हीटर तेवढा बोलत राहिला.
"चौदा जणांचे फोन येतात अजून."
आणि बाकीचे?
"बाकीच्यांचे येत नाहीत."

फॉर्मवर रकाने होते: नेतृत्व, दूरदृष्टी, निधी उभारणी,
प्रत्येकापुढे एक ते पाच.
'इतर' म्हणून खाली दोन ओळी.
मी लिहिलं: खोटं बोलत नाही. राहील की नाही, माहीत नाही.
मग दुसरं वाक्य खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

शुक्रवारी त्यांनी दुसऱ्याला निवडलं.
अडतीस वर्षांचा, शुभ्र दातांचा,
पंचवार्षिक योजना रंगीत कागदावर.

ऑगस्टात त्यानं नवे गणवेश मागवले, नखशिखान्त पांढरे.
मी दहा किलो सायट्रिक ॲसिड घेतलं.
खरंच,
वास नाही मागे राहत.